सह्याद्रीचा लाव्हा, समुद्रतळाच्या भेगा आणि आजचा कार्बन डायऑक्साइड : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला तीन वेगवेगळ्या गटांतून आला : टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या, आमच्या सोसायटीच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या. त्याचा आशय थोडक्यात असा. एक मोठा ज्वालामुखी काही दिवसांत जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, तितका माणसाने आजवरच्या इतिहासात सोडलेला नाही. बहुतेक ज्वालामुखी समुद्राच्या तळाशी आहेत आणि तिथला वायू कोणी मोजलेलाच नाही. डायनोसॉरांच्या काळात समुद्रतळ वेगाने विस्तारत होता, म्हणून पृथ्वी तापलेली होती. आज तेच चक्र पुन्हा फिरत असून समुद्र खालून तापतो आहे. शेवटी खास आपल्यासाठी जोडलेला मुद्दा असा, की पुणे ज्या लाव्हावर वसले आहे, त्या लाव्हाबरोबर आजच्यापेक्षा कितीतरी अधिक वायू बाहेर पडला होता, तरीही पृथ्वीने तो पचवला. म्हणून गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराची चिंता व्यर्थ आहे.

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण विज्ञानाविषयी आस्था असलेले आहेत, आणि त्यातल्या काही वाक्यांत सत्याचा अंश आहे हेही मी आधीच मान्य करतो. पृथ्वीच्या पोटातून येणारा कार्बन कोट्यवधी वर्षांच्या मापाने हवामान घडवतो, ही भूशास्त्राने कष्टाने मिळवलेली समज आहे. मी अनेक वर्षे हाच विषय शिकवला, म्हणून त्या समजुतीचा असा उलटा उपयोग होताना गप्प राहणे मला जमत नाही. मजकुरातील मुद्दे मी एकेक करून घेतो. काहींना दोन-चार वाक्ये पुरतील, काहींपाशी थांबावे लागेल.

एका ज्वालामुखीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक म्हणजे फिलिपिन्समधील पिनाटुबोचा, जून १९९१ मधला. त्यातून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज सुमारे ५ कोटी टन आहे. कोळसा, तेल, नैसर्गिक वायू आणि सिमेंट यांतून मानवजात आज वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन, म्हणजे दिवसाला साधारण १० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडते. पिनाटुबोचा सारा उद्रेक या हिशेबात आपल्या अर्ध्या दिवसात बसतो. हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या मोजणीचा आलेख पाहिला, तर १९९१ नंतर त्यात उसळी दिसत नाही. उलट त्या दोन वर्षांत वाढीचा वेग काहीसा मंदावलेला दिसतो. पिनाटुबोचा हवामानावरचा ठळक परिणाम होता तो त्याच्या गंधकयुक्त वायूंचा, आणि त्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान वर्ष-दीड वर्ष जवळजवळ अर्ध्या अंशाने खाली आले होते.

सगळे ज्वालामुखी एकत्र केले तरी चित्र फार बदलत नाही. तेरेन्स गेर्लाख यांनी २०११ मध्ये निरनिराळ्या अभ्यासांचा आढावा घेऊन जमिनीवरचे आणि समुद्राखालचे मिळून वर्षाला १३ ते ४४ कोटी टन असा पल्ला दिला होता. डीप कार्बन ऑब्झर्व्हेटरी या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २०१९ मध्ये २८ ते ३६ कोटी टन हा आकडा मांडला, आणि त्यात उद्रेक होत नसतानाही मुखातून व आसपासच्या जमिनीतून झिरपणारा वायू धरलेला आहे. मानवी उत्सर्जन याच्या साधारण शंभरपट आहे. उपलब्ध अंदाजांत तिप्पट चूक आहे असे गृहीत धरले, तरी पृथ्वीच्या पोटातला वाटा माणसाच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपासच राहतो.

यावर मजकुराचे उत्तर तयार आहे : समुद्राखालचे कोणी मोजलेच नाही. या मुद्द्यापाशी मला सविस्तर थांबायचे आहे, कारण तो ऐकताच पटतो, आणि त्याचे उत्तर भूरसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या मोजमापांपैकी एक आहे.

पृथ्वीवर बाहेर पडणाऱ्या शिलारसाचा मोठा भाग खरोखरच समुद्रतळावर बाहेर पडतो. महासागरांच्या तळाशी सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची पर्वतरांग पसरलेली आहे; तिच्या भागांना कटक म्हणतात. तिच्या माथ्यावर भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकते तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात आणि खालच्या प्रावरणातून (कवचाखालच्या खडकाच्या जाड थरातून) वर येणारा शिलारस गोठून नवा समुद्रतळ तयार होतो. इतक्या लांबीच्या भेगेवर कोणी वायुमापक बसवलेले नाहीत, हे खरे. पण एखाद्या कारखान्याच्या नळीत हात न घालता नदीच्या पाण्यावरून त्याचे सांडपाणी मोजता येते, तसेच इथेही करता येते, फक्त योग्य खूण हवी. ती खूण म्हणजे हेलिअम-३.

हेलिअमचा हा हलका समस्थानिक पृथ्वी घडत असतानाच प्रावरणात अडकला. पृथ्वीच्या आत त्याची नव्याने निर्मिती जवळजवळ होत नाही, तो कशाशी संयोग पावत नाही, जीवसृष्टी त्याला वापरत नाही. समुद्रतळाच्या भेगेतून तो बाहेर पडला, की फक्त पाण्याबरोबर वाहत जातो. क्लार्क, बेग आणि क्रेग यांना १९६९ मध्ये प्रशांत महासागराच्या खोल पाण्यात हेलिअम-३ अपेक्षेपेक्षा जास्त आढळला, आणि १९८१ मध्ये ल्युप्टन व क्रेग यांनी दाखवले, की पूर्व प्रशांत कटकापासून सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर त्याचा एक लांबलचक पट्टा पश्चिमेकडे हजारो किलोमीटर पसरलेला आहे. या पट्ट्यांचा आकार आणि खोल प्रवाहांचा वेग यांवरून जगभरच्या कटकांमधून दर वर्षी किती हेलिअम-३ बाहेर येतो हे काढता येते. जुना अंदाज वर्षाला सुमारे १,००० मोलचा (मोल हे अणूंची संख्या मोजण्याचे एकक) होता, अलीकडचा साधारण ५०० मोलचा आहे. म्हणजे साऱ्या महासागरांच्या तळातून वर्षाला अवघा दीड ते तीन किलो हेलिअम-३ बाहेर येतो, आणि तो आपल्याला मोजता येतो.

आता दुसरी मोजणी. कटकावर गोठलेल्या बेसॉल्टच्या (लाव्हापासून बनणाऱ्या काळ्या खडकाच्या) काचेत अडकलेले वायू आणि तिथल्या उष्ण झऱ्यांचे पाणी तपासले, तर हेलिअम-३ च्या प्रत्येक अणूमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २ अब्ज रेणू आढळतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला, की कटकांमधून येणारा कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण साडेचार ते नऊ कोटी टन निघतो. मानवी उत्सर्जनाच्या तो चारशेव्या ते आठशेव्या भागाइतका आहे.

हा हिशेब पटत नसेल, तर हेलिअमला हात न लावता वेगळ्या वाटेने जाऊ. दर वर्षी सुमारे ३ चौरस किलोमीटर नवा समुद्रतळ तयार होतो आणि त्याच्या कवचाची जाडी सहा-सात किलोमीटर असते. म्हणजे वर्षाला साधारण २० घन किलोमीटर खडक, वजनाने ५,६०० कोटी टन. कटकाखालच्या शिलारसात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भाग या आसपासचे असते. तो सगळा बाहेर पडला असे धरले, तर ५ ते ६ कोटी टन होतात. दोन स्वतंत्र वाटांनी निघालेली माणसे एकाच दारात पोहोचली आहेत. शिवाय हा वायू आधी खोल पाण्यात विरघळतो, आणि थंड होत जाणारा नवा बेसॉल्ट समुद्राच्या पाण्याशी प्रक्रिया करून त्यातला काही कार्बन पुन्हा आपल्या भेगांत बांधून ठेवतो. त्यामुळे हवेपर्यंत पोहोचणारा वाटा आणखी लहान होतो.

जगातला बहुतांश शिलारस समुद्राखाली बाहेर पडत असताना तिथला वायू एवढा कमी कसा, असा प्रश्न एका माजी विद्यार्थिनीने मला विचारला. इंडोनेशिया, जपान, अँडीज यांसारख्या ठिकाणी एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो, तेव्हा त्याच्या पाठीवरचा चुनखडक आणि सागरी गाळही खाली जातो. त्यातला कार्बन तापून सुटतो आणि तिथल्या ज्वालामुखींमधून वर येतो. एकेकाळी हवेतून समुद्रात आणि समुद्रातून शंखशिंपल्यांत गेलेला कार्बन असा परत येतो. कटकाखालच्या प्रावरणाला हा पुरवठा मिळत नाही. त्यामुळे शिलारस किती बाहेर आला, यावरून वायू किती आला हे ठरवता येत नाही.

यानंतर इतिहासाचा मुद्दा येतो, आणि मजकुराचा सर्वांत भारदस्त वाटणारा भाग हाच आहे. समुद्रतळाचा विस्तार सर्व काळ एकाच वेगाने झाला का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. या विषयाचा पाया ज्या समुद्रात घातला गेला, तो आपल्याच शेजारचा आहे, हे मराठी वाचकाला क्वचित सांगितले जाते. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, तो भारताच्या नैर्ऋत्येस असलेल्या कार्ल्सबर्ग कटकावरील सर्वेक्षणाच्या आधारे. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात. गोठणाऱ्या बेसॉल्टमध्ये त्या-त्या वेळची दिशा कोरली जाते. त्यामुळे कटकाच्या दोन्ही बाजूंना सारख्या पट्ट्या उमटतात, आणि त्यांच्या रुंदीवरून विस्ताराचा वेग वाचता येतो. कार्ल्सबर्ग कटक संथ गतीचा आहे, वर्षाला साधारण ३ सेंटिमीटर. पूर्व प्रशांत कटकाच्या काही भागांत हाच वेग वर्षाला १५ सेंटिमीटरपर्यंत जातो.

पण ही नोंदवही फार मागे जात नाही. जुना समुद्रतळ भूपट्टांच्या कडांवर खाली जाऊन नष्ट होतो, त्यामुळे आज महासागरांत शिल्लक असलेला तळ बहुतेक सगळा १८ कोटी वर्षांच्या आतला आहे, आणि त्या काळातलाही बराचसा भाग हरवलेला आहे. त्याआधीचा वेग समुद्रपातळीवरून, जुन्या ज्वालामुखी पट्ट्यांवरून, खडकांच्या वयांवरून अप्रत्यक्षपणे काढावा लागतो. मजकुरात पन्नास कोटी वर्षांचा विस्तारवेग जणू मोजपट्टी लावून मोजल्यासारखा सांगितला आहे. तशी मोजपट्टी कोणाकडे नाही. अलीकडच्या १८ कोटी वर्षांबद्दलसुद्धा अभ्यासकांत खरा मतभेद आहे. डेव्हिड रॉली यांनी २००२ मध्ये दाखवले, की आजच्या तळाच्या वयांचे वाटप पाहता विस्ताराचा एकूण वेग जवळजवळ स्थिर मानला तरी चालते. इतरांच्या मते क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, मध्यात तो आजच्यापेक्षा निम्म्याने किंवा त्याहून थोडा अधिक होता.

या मतभेदाकडे बोट दाखवून कोणाला काहीच ठाऊक नाही असे म्हणणे सोपे आहे. मात्र मतभेद किती पटींचा आहे, ते पाहायला हवे. बर्नर, लसागा आणि गॅरल्स यांनी १९८३ मध्ये विस्तारवेग आणि वायुउत्सर्जन यांना जोडणारे पहिले सविस्तर गणित मांडले. तेव्हापासून त्या परंपरेतली गणिते क्रिटेशस काळातले वायुउत्सर्जन आजच्या साधारण दीडपट ते दुप्पट धरत आली आहेत. ध्रुवांजवळ जंगले, आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक उंच समुद्रपातळी, असे ते उष्ण जग उभे राहण्यात जो वाटा पृथ्वीच्या पोटाचा होता, तो दुपटीच्या आतबाहेरचा होता, आणि तो काम करत राहिला लाखो-कोट्यवधी वर्षे. आजची मानवी भर ही पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या कार्बनच्या शंभरपट आहे. क्रिटेशसचा दाखला खरोखर गांभीर्याने घेणाऱ्या माणसाला त्यातून दिलासा मिळू नये.

आणि आज ते चक्र पुन्हा फिरते आहे, हे विधान मोजमापांच्या थेट उलट आहे. ब्राउन विद्यापीठातील कॉलीन डाल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये कटकांच्या नोंदी पुन्हा तपासून दाखवले, की गेल्या दीड कोटी वर्षांत समुद्रतळ विस्ताराचा वेग जगभर मिळून सुमारे ३५ टक्क्यांनी मंदावला आहे. टिमथी हर्बर्ट व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी असा युक्तिवाद केला, की गेल्या २ कोटी वर्षांतले पृथ्वीचे संथ थंड होत जाणे या घटत्या वायुउत्सर्जनाशी जुळते. हे काम मला मोलाचे वाटते, कारण पृथ्वीचे पोट आणि हवामान यांचा जो संबंध मजकूर सांगतो, त्याचाच हा पुरावा आहे. फक्त त्याची दिशा पाहा. पोटातला पुरवठा घटत असताना गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे २८० वरून ४२० च्या पुढे गेला आहे.

ही वाढ कटकांनी घडवायची असेल, तर काय व्हावे लागेल? कटकांचे उत्सर्जन मानवी उत्सर्जनाइतके होण्यासाठी विस्ताराचा वेग किमान चारशे पटींनी वाढावा लागेल. कार्ल्सबर्ग कटक वर्षाला ३ सेंटिमीटरऐवजी १२ मीटर उघडावा लागेल. म्हणजे मुंबई आणि सेशेल्स यांच्यातले अंतर दर वर्षी एखाद्या चारमजली इमारतीच्या उंचीइतके वाढावे लागेल. भूपट्टांची हालचाल आज उपग्रहांच्या साह्याने मिलिमीटरच्या अचूकतेने मोजली जाते. असे काही घडलेले नाही.

समुद्र खालून तापतो, या उपमुद्द्याला फार जागा देण्याची गरज नाही. समुद्रतळातून वर येणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरला सुमारे ०.१ वॉट आहे, आणि ती युगानुयुगे तशीच येत आहे. मानवी कारणांनी वातावरणाच्या ऊर्जेच्या ताळेबंदावर १७५० पासून आलेला दाब २०१९ पर्यंत दर चौरस मीटरला सुमारे २.७ वॉट झाला. खालून तापणाऱ्या भांड्यातले तळाचे पाणी आधी गरम होते. महासागरात तरंगणाऱ्या आर्गो उपकरणांच्या नोंदी मात्र वरचे थर सर्वाधिक तापत असून उष्णता हळूहळू खाली उतरत असल्याचे सांगतात.

काही प्रतींमध्ये आणखी एक वाक्य जोडलेले आहे, आणि ते अर्धे खरे असल्यामुळे अधिक फसवे आहे. ज्वालामुखीतला कार्बन आणि कोळशातला कार्बन, दोन्हींत किरणोत्सारी कार्बन-१४ नसतो, म्हणून शास्त्रज्ञांना ते वेगळे ओळखता येत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. दोन्हींत कार्बन-१४ नसतो, हे बरोबर. पण कार्बन-१३ त्यांना वेगळे ओळखतो. वनस्पती हलका कार्बन-१२ पसंत करतात, त्यामुळे वनस्पतींपासून बनलेल्या कोळशात कार्बन-१३ चे प्रमाण प्रमाणित नमुन्यापेक्षा हजारात सुमारे २५ भागांनी कमी असते. प्रावरणातून येणाऱ्या कार्बनमध्ये ते हजारात साधारण ५ भागांनीच कमी असते. औद्योगिक काळापूर्वीच्या हवेत ही तूट साडेसहाच्या आसपास होती. अशा हवेत ज्वालामुखीचा कार्बन मिसळत गेला असता, तर तूट किंचित कमी झाली असती. प्रत्यक्षात ती वाढत जाऊन साडेआठच्या जवळ पोहोचली आहे. त्याच्या जोडीला प्राणवायूची साक्ष आहे. जळणाला प्राणवायू लागतो, ज्वालामुखीतून आयता बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला लागत नाही. आणि राल्फ कीलिंग यांच्या मोजणीत हवेतला प्राणवायू किंचित पण सातत्याने घटताना दिसतो. हवेतील या वायूंचे मोजमाप दूर हवाईतच होते असे नाही. पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने आपल्या सिंहगडावरही हवेचे नमुने घेतले आहेत.

सिंहगडाचा उल्लेख झाला, तेव्हा आता आपल्या पायाखालच्या खडकाकडे वळू.

वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत काळ्या खडकाकडे नीट पाहिले, तर अनेक ठिकाणी तो छिद्राळ दिसतो. ती छिद्रे म्हणजे लाव्हा गोठताना त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे आहेत. पुढे त्यांतल्या कित्येकांत झिरपत्या पाण्याने झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरली, आणि वाघोलीच्या खाणींतले निळेशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. पाताळेश्वराचे लेणे याच खडकात कोरले आहे. पुणेकराला पृथ्वीच्या पोटातला वायू म्हणजे काय, हे समजावून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. म्हणूनच त्या वायूचा हिशेब चुकीचा सांगितला जातो, तेव्हा मला अधिक वाईट वाटते.

हिशेब असा. दख्खनचा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि त्याचे मूळ आकारमान १० लाख घन किलोमीटरहून अधिक मानले जाते. आपण १० लाख धरू. अशा बेसॉल्टच्या शिलारसात वजनाने अर्धा टक्का कार्बन डायऑक्साइड होता, असे गृहीत धरले, तर एका घन किलोमीटरमागे सुमारे १.३५ कोटी टन, आणि एकूण साडेतेरा लाख कोटी टन वायू निघतो. मानवजातीने १८५० ते २०१९ या काळात, जंगलतोड धरून, सुमारे २ लाख ४० हजार कोटी टन सोडला. एकूण राशीत दख्खन पुढे आहे, यात वाद नाही. तरी १७० वर्षांत आपण त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यापर्यंत आलो आहोत, हेही त्याच हिशेबात दिसते.

प्रश्न आहे तो वेगाचा. घाटरस्त्यांच्या कापात काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टी अनेकांनी पाहिली असेल. एक लाव्हाप्रवाह थंड झाला, उन्हापावसात त्याचा पृष्ठभाग झिजून माती झाली, आणि मग तिच्यावर पुढचा प्रवाह आला, असे ती पट्टी सांगते. म्हणजे सह्याद्री एका दमात उभा राहिलेला नाही. खडकांच्या आणि मधल्या थरांच्या अलीकडच्या अचूक वयमापनानुसार दख्खनचा मुख्य भाग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, साधारण ७ ते ८ लाख वर्षांत बाहेर पडला. साडेतेरा लाख कोटी टन वायू साडेसात लाख वर्षांत विभागला, तर वर्षाला सरासरी १.८ कोटी टन होतो. आजचे मानवी उत्सर्जन त्याच्या दोन हजार पटींहून अधिक आहे.

सरासरी फसवी असते, असा आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. उद्रेक टप्प्याटप्प्याने, मध्ये मोठे विराम घेत झाले. मग एकच प्रचंड प्रवाह घेऊ : १,००० घन किलोमीटरचा, ऐतिहासिक काळात कोणी पाहिला नाही इतका मोठा. त्यातून १,३५० कोटी टन वायू निघेल. माणूस तेवढा वायू साडेचार महिन्यांत सोडतो. तो प्रवाह दहाच वर्षांत वाहिला असे मानले, तरी वर्षाला १३५ कोटी टन, म्हणजे आपल्या सत्ताविसाव्या हिश्श्याइतका. दुसरा आक्षेप असा, की पृष्ठभागावर न आलेल्या, खालीच गोठलेल्या शिलारसातूनही वायू सुटला असणार. हेही बरोबर आहे, आणि अलीकडचे काही संशोधन त्याच दिशेने जाते. तर एकूण आकडा दहापट करा. सरासरी वर्षाला १८ कोटी टन होईल. आजच्या वेगाचा तो दोनशेवा हिस्सा आहे.

इतक्या संथ पुरवठ्यानेही पृथ्वीवर परिणाम झाला. क्रिटेशस संपण्याआधीच्या काही लाख वर्षांत समुद्र दोन-तीन अंशांनी तापल्याच्या खुणा गाळात सापडतात, आणि त्याचा संबंध दख्खनशी जोडला जातो. त्यानंतर सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती नष्ट झाल्या. मेक्सिकोतील चिकशुलुब येथे आदळलेल्या लघुग्रहाला त्याचे मुख्य कारण मानले जाते, आणि दख्खनचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. मात्र जीवसृष्टी सुखरूप राहिली, हे वाक्य त्या काळाबद्दल लिहिता येणार नाही.

पृथ्वीने तो वायू पचवला, हा शेवटचा मुद्दा राहिला. पचवला, हे खरे. कसा आणि किती काळात, हे मजकुरात नाही. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सौम्य आम्ल होऊन खडक झिजवतो; त्यातून सुटलेले कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम नद्यांतून समुद्रात जातात, आणि तिथे त्यांचा चुनखडक होऊन कार्बन बांधला जातो. हवा तापली की पाऊस आणि झीज वाढते, थंड झाली की मंदावते. वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी १९८१ मध्ये हा पृथ्वीचा तापमान-नियंत्रक म्हणून मांडला. ५.६ कोटी वर्षांपूर्वी ग्रीनलंड युरोपपासून दुरावून उत्तर अटलांटिक उघडत होता, तेव्हा काही हजार वर्षांत हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन आला व पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली. त्या भरीचा कमाल वेग वर्षाला सुमारे १ अब्ज टन कार्बन इतका काढला गेला आहे. आज आपण कार्बनच्या वजनात वर्षाला सुमारे १० अब्ज टन सोडतो. त्या घटनेतून सावरायला या नियंत्रकाला एक ते दोन लाख वर्षे लागली.

बेसॉल्ट इतर खडकांपेक्षा लवकर झिजतो, म्हणून आपला सह्याद्री या कामात जगात अग्रेसर आहे. कृष्णेच्या खोऱ्यातल्या आणि पश्चिमवाहिनी नद्यांच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांवरून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ही झीज मोजली आहे. त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासांतून दख्खनचा खडक वर्षाला दर चौरस किलोमीटरमागे साधारण १५ ते ५५ टन कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो असे दिसते. चुनखडक तयार होताना त्यातला जवळजवळ निम्मा पुन्हा सुटतो, तो मी इथे वजा केलेला नाही. दख्खनच्या पाचही लाख चौरस किलोमीटरवर वर्षभराचा पाऊस पडून, सगळ्या ओढ्यानद्या वाहून जेवढा वायू खडकात जातो, तो पाऊण कोटी ते पावणेतीन कोटी टन भरतो. मानवजात तेवढा वायू दोन ते सात तासांत सोडते.